खळीला लागलेली नजर

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या जिन्यावर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत माणसं बसली होती, आणि जवळजवळ प्रत्येकाचा एक हात आपल्याच खांद्यावरून मागे गेला होता. पाठीत जिथे आपलं बोट पोचत नाही, दुखतं नेमकं तिथेच. शिंपी होते, कारकून होते, एक ट्रकवाला होता, लेकरं काखेला मारून मारून एका बाजूला झुकलेल्या बायका होत्या, आणि आमच्या बुकबाइंडिंगच्या कारखान्यातली तर निम्मी माणसं होती. वरून मधूनच एक लांब सुस्कारा यायचा, त्यामागोमाग बघ्यांचा "अरेच्चा" यायचा, आणि जिन्यावरची रांग एक पायरी वर सरकायची.

वर अंगठेबाबा होते.

स्टुडिओ बंद पडून बरीच वर्षं झाली, पण भिंतीवरचा रंगवलेला पडदा तसाच लटकतोय. निळं तळं आणि त्यात माना वळवून बसलेले दोन राजहंस. दुखणाईताला त्या पडद्याकडे तोंड करून स्टुलावर बसवायचे. बायकांना पुढून गळ्यापर्यंत बंद आणि मागून उघडा असा सैल झगा द्यायचे. बाबा पाठीमागे उभे राहायचे. म्हणजे दुखणाईताला दिसायचे हंस, आणि बाबा काय करतात ते दिसायचं फक्त आम्हा बघ्यांना.

"माणसाला मुळात पंख होते," बाबा सुरू करत. आवाज असा, की तूप पातळ करून ओततायत. "माणूस माजला, पंख गळाले. मुळं मात्र राहिली. हे बघा, हे दोन फरे, खांद्यामागची ही पसरट हाडं. हात मागे न्या बरं. हलतात ना? पंखांची आठवण आहे ती. आणि नजर बसते ती या मुळाशीच. का? कारण माणसाच्या पाठीला डोळे नाहीत. जिथे दिसत नाही, तिथेच वार होतो."

हे ऐकून रांगेतला प्रत्येक जण एकदा मागे वळून बघायचा. मीही बघितलं. माझ्यामागे एक म्हातारा पेंगत होता.

मग बाबा एका बाटलीतून तपकिरी अर्क तळव्यावर घेत. त्याला कापूर आणि पुदिन्याचा असा भपकारा असायचा की सर्दी झालेला माणूस फुकटात बरा व्हावा. तो अर्क फऱ्यावर चोळून ते अंगठा लावत. अंगठा हळूहळू फऱ्याच्या आतल्या कडेने वरून खाली उतरे, मध्येच एखाद्या गाठीवर थांबे, आणि स्टुलावरच्या माणसाचा खांदा कानापासून जो सुटायचा तो थेट जागेवर यायचा. हा झाला पहिला चमत्कार. दुसरा पुढे होता. बाबा एक पांढरंशुभ्र कडक कापड घेत, सगळ्यांसमोर साध्या पाण्यात भिजवत आणि पाठीवर दाबून धरत. उचलून दाखवत तेव्हा त्यावर फऱ्याच्या आकाराचा काळानिळा डाग उमटलेला असे.

"निघाली," बाबा म्हणत. "नजर निघाली."

तेच कापड ते एका परातीतल्या शांतिजलात बुडवत, आणि बघता बघता डाग नाहीसा होई. नजर जिरली म्हणायची. सगळे हात जोडत. मी नाकाला पदर लावे, कारण त्या शांतिजलाला लिंबाचा वास यायचा आणि मला तेव्हा उगीचच सरबताची आठवण व्हायची.

एवढ्यावर थांबले असते तर मी बाबांच्या वाटेला गेले नसते. लोकांचे खांदे मोकळे होत होते, कुणाचं काय जात होतं? पण कापड जिरवून झालं की बाबा प्रत्येकाला एक प्रश्न विचारत. "तुमच्यामागे कोण बसतं?"

आता मला सांगा, ज्याच्यामागे कुणीच बसत नाही असा माणूस जगात आहे कुठे? कारकुनामागे कारकून बसतो, शिंप्यामागे शिंपी. माणसानं नाव घेतलं की बाबा डोळे मिटून मान हलवत. "त्याचीच ही नजर. तीन बैठका घ्या. तिसरीला कापड पांढरं निघालं की सुटलात. तोवर त्याच्याशी अबोला धरा. एक शब्द बोललात की नजर परत फिरलीच म्हणून समजा."

माझ्या मावशीनं नाव घेतलं ते कात्रीकाकूचं.

मावशी आमच्या कारखान्यात फर्मे शिवते. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की त्याला फर्मा म्हणतात, आणि ते फर्मे ओळीनं लावून दोऱ्यानं शिवले की पुस्तकाची पाठ तयार होते. दिवसभर मान खाली आणि उजवा हात वरखाली. तिचा फरा दुखला नसता तर तोच खरा चमत्कार ठरला असता. तिच्या मागच्या बाकावर, शेवटच्या ओळीत, कात्रीकाकू खळ लावून अस्तराचे कागद चिकटवते. कात्री हे तिचं नाव नव्हे, तिच्या जिभेचं वर्णन आहे. पण मावशीच्या बाबतीत ती जीभ मऊ होते. मावशीच्या डोळ्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून रोज सकाळी काकू एका चिंधीवर सुया ओवून टोचून ठेवायची आणि ती चिंधी पुढच्या बाकावर सरकवायची. दोघींत एकच थर्मास आणि त्याच्या झाकणातून आळीपाळीनं चहा. मी लहानपणी मावशीकडे वाढले, त्यामुळे मला आठवतं तेव्हापासून या दोघी माझ्या डोळ्यांसमोर अशाच, एकीमागे एक.

पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी काकूनं चिंधी पुढे सरकवली आणि मावशीनं ती न बघता परत मागे ढकलली.

"काय गं, झालं काय?" काकूनं विचारलं.

मावशी गप्प. काकूनं थर्मास वाजवला. मावशी गप्पच. दिवसभर मावशी दोरा ओठात ओला करून करून सुईशी झटापट करत राहिली. संध्याकाळी मी तिला म्हटलं, "मावशी, काकूनं तुझं काय वाईट केलंय?"

"केलं असेल असं मी तरी कुठे म्हणते? पण डाग मी डोळ्यांनी बघितला. आणि माझ्यामागे दुसरं कोण बसतं?"

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला."

"तू सगळ्यालाच हसतेस. तुझा फरा दुखत नाही ना, म्हणून."

मी पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर सोनेरी अक्षरं ठोकते. माझं यंत्र कडेला, खिडकीशी. माझ्यामागे कुणी बसत नाही आणि माझा फराही दुखत नाही, त्यामुळे बाबांच्या हिशेबात मी पुरावाच होते.

कात्रीकाकूला कारण कळलं तेव्हा ती रडली नाही. तिनं पदर खोचला आणि ती थेट स्टुडिओत जाऊन स्टुलावर बसली. मीही गेले, हे चुकवण्यासारखं नव्हतं. अर्क झाला, अंगठा झाला, कापडावर डाग उमटला.

"तुमच्यामागे कोण बसतं?" बाबांनी विचारलं.

"भिंत," काकू म्हणाली.

बघ्यांत खसखस पिकली. बाबांनी पुढे रेटलं. "भिंतीपलीकडे?"

"रद्दीचं गोदाम. तिथे उंदीर आहेत. त्यातल्या कुठल्या उंदराशी अबोला धरू ते सांगा."

मला वाटलं, संपलं प्रकरण. पण ज्याचं पोटच यावर चालतं तो माणूस एवढ्यानं थोडाच हार मानतो. बाबा मंद हसले. "बाई, भिंतीला कान असतात हे तुम्ही मानता ना? मग डोळे नसतील कशावरून?"

आणि काय सांगू, लोकांनी माना डोलावल्या. एवढी चोख गोष्ट, पण पालथ्या घड्यावर पाणी. काकू जिना उतरून सरळ मालकांकडे गेली आणि शनिवारनंतर आपण कामाला येणार नाही असं सांगून आली. "जिच्या पाठीमागे बसून जन्म काढला तिला माझी भीती वाटते," ती मला म्हणाली, "मग मी तिथे बसून काय करू?" तिचा आवाज प्रथमच बोथट लागला, आणि मला खरोखरच रडू आलं.

इकडे कारखान्यात वेगळाच गोंधळ माजला. बाबांकडे जाऊन आलेल्या कुणालाच आपल्यामागे कुणी नको होतं. आधी एकानं आपलं बाक भिंतीला पाठ लागेल असं फिरवलं. मग दुसऱ्यानं. भिंती चार. त्यातल्या एकीला दार, एकीला खिडक्या, एकीला कागदाचे गठ्ठे. उरलेल्या भिंतीसाठी अशी भांडणं झाली, की सोन्याची असती तरी झाली नसती. आमचं काम म्हणजे पुढच्यानं घडी घालायची, मागच्यानं ओळीनं लावायचं, त्याच्या मागचीनं शिवायचं. फर्मा हातोहात मागे जातो, क्रम चुकत नाही. आता बाकंच चहूकडे तोंडं करून बसल्यावर फर्मे कुणाकडून कुणाकडे जातायत हे कुणालाच कळेना. गणिताच्या पुस्तकांचा एक गठ्ठा असा निघाला की त्यात उत्तरं आधी आणि गणितं नंतर. मुलं खूश झाली असती, मालक झाले नाहीत.

त्यातच शुक्रवारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं शरीररचनेचं जुनं जाड पुस्तक आमच्याकडे नव्यानं बांधायला दिलं होतं. त्यांनी ते दारातच उघडलं.

"या पुस्तकात," त्या शांतपणे म्हणाल्या, "मानेनंतर थेट गुडघा येतो. मी हे वाचून पेशंट तपासले तर तुरुंगात जाईन."

मालकांनी मावशीला खोलीत बोलावून घेतलं, आणि आतून त्यांचा आवाज बाहेर येत राहिला. डॉक्टरीणबाई बाहेर थांबल्या होत्या, तेवढ्यात घड्या घालणाऱ्या मुलीचं बोट कागदानं कापलं. कागद कापतो तेव्हा सुरीपेक्षा वाईट कापतो. बाईंनी आमच्या औषधाच्या पेटीतून टिंक्चर आयोडीनची बाटली घेतली, कापूस भिजवला, बोटाला लावला. मुलगी "स्स" करून हात झटकायला आणि एक थेंब कात्रीकाकूच्या खळीच्या भांड्यात पडायला एकच गाठ पडली.

"टिंक्चरवाल्यानं खळीला हात लावायचा नाही," काकू सवयीनं म्हणाली.

हा आमच्या कारखान्याचा पहिला नियम. नवीन माणूस आला की मावशी त्याला नाव विचारण्याआधी हे वाक्य सांगते. बोटाला टिंक्चर असलेल्यानं खळ हाताळली की कागदावर शाईसारखा डाग पडतो आणि सबंध पुस्तक वाया जातं. खळ म्हणजे पिठाची, गव्हाच्या. हे आम्ही सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिलं आहे. मीही पाहिलं आहे. पण त्या दिवशी मी भांड्यात वाकून बघितलं आणि माझ्या हातातला ठसा खाली पडला. पांढऱ्या खळीवर काळानिळा डाग. तोच रंग.

"काकू," मी म्हटलं, "ही बघ तुझी नजर."

डॉक्टरीणबाईंना काही उमगेना, म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. तपकिरी अर्क, कडक कापड, लिंबाच्या वासाचं शांतिजल. त्या ऐकता ऐकता खुर्चीवर टेकल्या आणि हसायला लागल्या.

"अहो, हा तर शाळेतला प्रयोग आहे. आयोडीनला पिष्ट भेटलं की काळंनिळं होतं. पिठात पिष्ट, भातात पिष्ट, बटाट्यात पिष्ट. कापड कडक आहे म्हणालात ना? त्याला कांजी केलेली असणार. अर्कात आयोडीन, आणि त्याचा वास झाकायला कापूर-पुदिना. लिंबात क जीवनसत्त्व असतं, ते डाग घालवतं. झालं तुमचं शांतिजल."

"आणि तिसऱ्या बैठकीला कापड पांढरंच राहतं ते?"

"त्या दिवशी कांजी न केलेलं कापड घेत असणार."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. अख्खा कारखाना ज्या डागाच्या भीतीनं बोटं सांभाळतो, तोच डाग जिना चढून वर गेला की आम्ही हात जोडत होतो. मी मावशीला सांगायला उठले, तर बाईंनी माझा हात धरला.

"तुम्ही सांगितलंत तर त्यांना वाटेल, भाची काकूंची बाजू घेते. त्यांना त्यांच्या बोटानं करू दे. आपल्या बोटावर माणूस सहसा अविश्वास दाखवत नाही."

शनिवारी दुपारी कारखाना लवकर सुटला. मावशीची तिसरी बैठक होती. मी तिच्याबरोबर निघाले, आणि माझ्या पिशवीत झाकण लावलेलं खळीचं भांडं होतं. स्टुडिओत पोचल्यावर मी म्हटलं, "मावशी, आज आधी मी बसते. माझाही खांदा धरलाय."

मावशीला इतका आनंद झाला की मला अपराध्यासारखं वाटलं.

मी झगा घालून हंसांसमोर बसले. बाबांनी पंखांची गोष्ट सांगितली, अर्क चोळला, अंगठा लावला. खरं ते सांगितलं पाहिजे. तो अंगठा फऱ्याच्या कडेनं उतरला तेव्हा माझ्या तोंडून "आहाहा" निघून गेलं आणि मी मनातल्या मनात स्वतःला चिमटा काढला. माझा फरा दुखत होता हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बाबांनी कापडाला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "थांबा जरा, महाराज. मावशी, पिशवीतलं भांडं काढ आणि माझ्या पाठीला एक बोट खळ लाव."

"वेड लागलं का तुला?" मावशी म्हणाली.

"हे नियमात बसत नाही," बाबा म्हणाले.

"महाराज, आम्ही बाइंडिंगवाल्या. खळ लावल्याशिवाय आमच्याकडे काहीच नीट बसत नाही. मावशी, एकच बोट. माझ्यासाठी."

मावशी माझ्यासाठी काहीही करते. झाकण उघडल्याचा आवाज आला. पाठीला गार गार बोट लागलं.

आणि मला काहीच दिसलं नाही. ज्या क्षणासाठी मी रात्रभर तळमळले, त्या क्षणी माझ्यासमोर दोन राजहंस होते, त्यातल्या एकाचा रंग चोचीपाशी उडाला होता. मग मावशीचा आवाज आला, आमच्या कारखान्यात रोज येतो तसाच, ना चढा ना हळू.

"टिंक्चरवाल्यानं खळीला हात लावायचा नाही."

मी वळले. मावशी आपल्या बोटाकडे बघत होती. बोटावरची खळ काळीनिळी झाली होती. कारखान्यातली जी जी माणसं तिथे होती, त्या सगळ्यांना ते वाक्य पाठ होतं. त्यांचे चेहरे एकेक करून बदलत गेले. शिंपी आणि ट्रकवाला मात्र एकमेकांकडे बघत राहिले.

"खळीलाही नजर लागते," बाबा घाईनं म्हणाले. "ज्या घरचं पीठ असेल त्या घरची."

"मग या बटाट्याला कुणाची लागते तेही बघू," दारातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या कात्रीकाकूला घेऊन वर आल्या होत्या. काकू यायला तयार नव्हती, बाईंनी तिला जवळजवळ ओढत आणलं होतं. बाईंनी पर्समधून कापलेला बटाटा काढला, बाबांच्या बाटलीतला एक थेंब त्यावर टाकला. बटाटा काळा पडला. त्यांनी तो उंच धरून सगळ्यांना दाखवला आणि बाबांच्याच सुरात विचारलं, "बाळा, तुझ्यामागे कोण बसतं?"

ट्रकवाला आधी हसला. मग हशा जिन्यावरून खाली उतरत गेला. ज्यांना खाली काही दिसत नव्हतं तेही हसू लागले. बाईंनी लहान मुलांना चघळायला देतात ती क जीवनसत्त्वाची गोळी पेलाभर पाण्यात विरघळवली, बटाटा त्यात बुडवला, आणि बटाटा पुन्हा गोरा झाला. मग त्यांनी आयोडीन म्हणजे काय, पिष्ट म्हणजे काय, कांजीचं कापड कोणतं हे सगळं साध्या शब्दांत सांगितलं. शिंप्यानं ते कापड स्वतः चुरगाळून पाहिलं आणि म्हणाला, "कांजीच आहे. मी रोज कॉलरला लावतो. मला कळायला नको होतं?"

दोघातिघांनी अस्तन्या सरसावल्या. बाई मध्ये उभ्या राहिल्या. "हात उगारायचा नाही. त्यांना बोलू द्या."

बाबा स्टुलावर बसले. तूप एकदम गोठल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता, साधा, घोगरा. "मी केस कापायच्या दुकानात मालिश करायचो," ते म्हणाले. "हाच अंगठा, हाच फरा. लोक म्हणायचे, बरं वाटलं, आणि निघून जायचे. मालिशवाल्याकडे परत कोण येतं? एकाला गमतीनं नजर काढून दाखवली तर दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत रांग. मी काय करू? मला रांग आवडली."

हे ऐकून हसू थोडं आटलं. राग यायला हवा होता तो आलाच, पण त्यातला थोडा प्रत्येकाला स्वतःचाही आला असावा.

"मग माझा खांदा मोकळा झाला होता तो कशानं?" मावशीनं विचारलं. "ते तर खोटं नव्हतं."

"अजिबात नव्हतं," बाई म्हणाल्या. "त्यांच्या अंगठ्यानं झाला. हात चांगला आहे त्यांचा, तोंड वाईट आहे. तुम्ही दिवसभर वाकून बसता. फरा आणि मणका यांच्यामधले स्नायू ताणून ताणून आखडतात, त्यांच्या गाठी होतात. चोळलं की रक्त खेळतं, गाठ सैल पडते. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा तशाच वाकता, पुन्हा गाठ येते. नजरेचा यात काय संबंध?"

मावशी ऐकत होती, पण बघत होती काकूकडे. मावशीनं काळं बोट पदराला पुसलं, आणि पदरही काळा केला.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली. "तू मागे असायचीस, दिसायची नाहीस. त्यानं दाखवली तशीच तू मला खरी वाटलीस."

काकूचे डोळे भरले होते, पण कात्री ती कात्रीच. "इतकी वर्षं तुझ्या पाठीकडे बघत बसलेय मी," ती म्हणाली. "माझी नजर लागत असती तर पाठ उरली असती का तुला?"

मावशी हसता हसता रडली, आणि हंसांसमोर त्या दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. त्या स्टुडिओत इतका चांगला फोटो कधी निघाला नसेल, पण कॅमेरा कधीच विकला गेला होता.

बाईंना रिकाम्या वेळेचं वावडं. त्यांनी मावशीला तिथेच स्टुलावर बसवलं आणि काकूला मागे उभं केलं. "आता शिका. तुम्ही उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवा, स्वतःला मिठी मारल्यासारखा. बघा, फरा मणक्यापासून दूर सरकला, आतली कड उघडी पडली. काकू, तुम्ही मागून अंगठा त्या कडेला लावा. हाडावर नाही, मणक्यावर तर मुळीच नाही, मधल्या मांसल भागावर. वरून खाली, सावकाश. गाठ लागली की थांबा. त्यांना श्वास सोडू दे, तेव्हा दाबा. श्वास घेताना सैल सोडा. कळवळायला लावायचं नाही, गोड दुखलं पाहिजे."

काकूनं अंगठा लावला. मावशीचा खांदा कानापासून सुटला आणि जागेवर आला.

"आणि हे लक्षात ठेवा," बाई सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "कळ हातात उतरली, बोटांना मुंग्या आल्या, छाती दाबल्यासारखी झाली किंवा दुखणं हटेचना, तर अंगठा नाही आणि बाबाही नाही. सरळ दवाखाना."

सोमवारी आमची बाकं पुन्हा ओळीत लागली. डॉक्टरीणबाईंच्या पुस्तकात मानेनंतर खांदा आला आणि गुडघा आपल्या जागी गेला. अंगठेबाबा पुन्हा केस कापायच्या दुकानात मालिश करतात, आणि मी ऐकते की गिऱ्हाईक बरं येतं, कारण आता लोकांना माहीत आहे की ते काय विकत घेतायत. आमच्याकडे चहाच्या सुट्टीत प्रत्येक जण पुढच्याच्या खांद्याला अंगठा लावतो. कात्रीकाकूच्या मागे भिंतच असल्यामुळे ती एक रबरी चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरते आणि वरखाली घासत राहते. तेवढंही पुरत नाही म्हणून शेवटी सगळी ओळ उलटी फिरते, आणि मावशी काकूचा खांदा दाबते.

मला एवढंच सांगायचं आहे. पाठीला डोळे नाहीत हे बाबांचं म्हणणं खरं होतं. पण दिसत नाही म्हणून तिथे जे सांगतील ते मानायचं, हे कुठलं शहाणपण? डाग दिसला तर हात जोडण्याआधी एकदा विचारावं, असा डाग आपण आधी कुठे पाहिलाय? आणि तुमच्या दुखण्याला कुणी तुमच्याच माणसाचं नाव चिकटवून देत असेल, तर त्याची खळ आधी तपासून बघा.

मावशी आता जागेवर बसली आहे. काकूनं ओवलेल्या सुयांची चिंधी पुढे सरकवली आणि म्हणाली, "घे. आणि खळीपासून जरा लांब बस बाई, तुझ्या पाठीला अजून टिंक्चरचा वास येतोय."